तुंबा बरा करताना

३ मे, शनिवार

पोचलो एकदाचे! बसमधून उतरताना माझा एक बूट निसटून चिखलात पडला आणि फेर्मिनने तो उचलून, स्वतःच्या शर्टाला पुसून, सगळ्यांदेखत माझ्या पायात घातला. स्टँडवर गरम चिपाचे पाव विकणाऱ्या बाया खो खो हसल्या. एकीने विचारलं, काय रे फेर्मिन, हीच का तुझी गोयाची मास्तरीण? तो म्हणाला, हीच! इतक्या मोठ्याने म्हणाला की मीच मागे वळून बघितलं, दुसरी कोणी उभी आहे का म्हणून.

लग्न होऊन अजून महिनाही झाला नाही. ही वही नोराने दिली. नोरा म्हणजे गोयाच्या वसतिगृहातली माझ्या खोलीतली मैत्रीण. तिची अट अशी की रोज स्वतःबद्दल एक तरी चांगली गोष्ट लिहायची. मी म्हटलं, मग चार पानांत वही बंद होईल. ती चिडली. म्हणाली, ओतिलिया, हे असं बोलतेस ना, त्यासाठीच आणली आहे ती. बरं बाई, लिहिते. आजची चांगली गोष्ट: माझं पाऊल नाजूक आहे, चिखलातसुद्धा.

घर नदीपासून दोन गल्ल्या आत आहे. अंगणात संत्र्याची झाडं, अजून लगडलेली. आमच्या खोलीला ओल आहे, पण खिडकी अशी मोठी की सकाळी नदीवरचं धुकं आत येऊन बसावं. फेर्मिनला रोसारियोच्या गोदीत कायमची जागा मिळेपर्यंत इथेच राहायचं. तोवर तो आठवडाभर खालच्या अंगाला, बोटी दुरुस्त करतात त्या यार्डात, आणि शनिवार-रविवार घरी. मला इथल्या शाळेत गाण्याचा वर्ग मिळालाय, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी. त्या परत आल्या की मी राहणार की जाणार, हे कोणी सांगत नाही. मीही विचारलं नाही. विचारलं आणि नकोच म्हणाले तर?

सासूबाई, म्हणजे सेनोबियाबाई, बारीक आणि ताठ आहेत. त्यांनी मला जवळ ओढलं आणि माझ्या कपाळाचा वास घेतला. हो, वास! मग म्हणाल्या, ये पोरी, आत ये, गारठली असशील. त्यांच्या मागे एक फिकट बाई उभी होती, देलिया. फेर्मिनची मोठी बहीण असावी. ओळख कोणी नीट करून दिली नाही आणि विचारायची मला लाज वाटली.

मग अंगणात येर्बाच्या कडू पाल्याची फेरी बसली, एकच तुंबा, एकच नळी, आळीपाळीने सगळ्यांनी ओढायची, आणि मी माती खाल्ली. सेनोबियाबाईंनी तुंबा भरून सगळ्यांत आधी माझ्या हातात दिला आणि मी अगदी गोड आवाजात म्हणाले, आभार! रिंगणात तुंबा हाती घेऊन 'आभार' म्हटलं की त्याचा अर्थ पोट भरलं, आता मला नको. हे माणूस आईच्या मांडीवर शिकतं. चार वर्षांची पोरंसुद्धा चुकत नाहीत. सगळे हसले. सेनोबियाबाई सगळ्यांत जास्त हसल्या. म्हणाल्या, अगोबाई, सूनबाईंचं एका घोटातच भरलं की! फेर्मिन म्हणाला, आई, सवयीने गेलं गं तिच्या तोंडून, तिच्या वतीने मी परत घेतो. त्या म्हणाल्या, वा रे वा, रिंगणातला शब्द आहे तो. ज्याच्या हाती तुंबा त्यानंच म्हणायचा, आणि म्हटला की म्हटला, दुसऱ्याचं तिथे काही चालत नाही.

खरोखरच संध्याकाळभर तुंबा माझ्यासमोरून जात राहिला. फेर्मिनने एकच घोट घेतला, पटकन 'आभार' म्हणाला आणि ट्रंका उचलायला गेला. नंतर देलिया, सेनोबियाबाई, देलिया, सेनोबियाबाई. मी हसत बसले. गाल दुखायला लागले. बाकीचे विसरलेही असतील, पण मी बरी विसरेन! या घरात तो शब्द पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाही, हे इथे लिहून ठेवते.

६ मे, मंगळवार

शाळा छान आहे. पोरं वात्रट आहेत. एकाने विचारलं, बाई, तुम्ही खऱ्या बाई की बदलीच्या? मी म्हटलं, गाऊन दाखवते, मग तूच ठरव. वरच्या सुरात गेले तर बाहेरचा शिपाई काम टाकून दारात येऊन उभा राहिला. आजची चांगली गोष्ट ती: वर चढले तरी माझा आवाज फाटत नाही.

आता घाण लिहिते, कारण बोलायची सोय नाही. या घरातला तुंबा. काळा पडलाय, आणि काठाला थुंकीचा थर साचून साचून चिकट झालाय, बोट लावलं की सुटताना चिकचिक वाजतं. घरोघरी वापरलेला चोथा झाडांना घालतात. इथे नाही. सेनोबियाबाई तो फेकतच नाहीत. वरून चिमूटभर नवी येर्बा टाकायची आणि किटलीतलं पाणी ओतायचं, की झालं. नळीच्या टोकावर दातांचे व्रण आहेत, देलियाचे असणार. ती नळी मी तोंडात घालते. येर्बाची चव येतच नाही. शिळ्या तोंडाची येते, लसणीची, कवळीची, आणि तळाला काहीतरी गोडसर, कुजकं. कधी कधी घोटाबरोबर एक बुळबुळीत धागा वर येतो. तो थुंकायचा कुठे? गिळते. डोळ्यांत पाणी येतं तर म्हणते, गरम होतं.

आणखी एक. पहिला घोट गार आणि भुकटीने भरलेला असतो. तो ओतणारीने स्वतः घ्यायचा, अशीच रीत आहे. मूर्खाचा घोट म्हणतात त्याला. सेनोबियाबाई तो मला देतात. शनिवारीही मलाच दिला होता, हे आज लक्षात आलं. मी मनाची समजूत घातली की हा मान असेल.

आणि खरं सांगू का, मी घोट घेत असते तेव्हा त्या माझ्या मनगटावर हात ठेवतात आणि काहीतरी बोलतात. काल म्हणाल्या, तुझे कान किती रेखीव आहेत गं. माझे कान! जन्मात कोणी माझ्या कानांकडे बघितलं नव्हतं. घोट संपला की हात उचलतात आणि गप्प. मग पुढचा तुंबा येईपर्यंत मी वाट बघते. काल किती प्यायले, कोण जाणे.

११ मे, रविवार

फेर्मिन काल आला. आल्या आल्या मी त्याला धारेवर धरलं. आईंना मी आवडले का? तुला घाई केली असं वाटतं का? यार्डात माझी आठवण येते का, आणि येते तर कधी? शेवटी तो म्हणाला, ओती, रोज स्टँडवर उभा राहून ओरडून सांगू का? मी म्हटलं, सांग. तो हसला. पण हसायच्या आधी जरासा थांबला.

ते थांबणं मी आज दिवसभर चघळतेय. कशाला थांबला? थकला असेल. की माझा कंटाळा आला असेल? येणारच. मग जेवताना मीच त्याच्याशी तुसडेपणाने वागले. त्याने सुरुबी माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात वाढला, मी तो देलियाच्या ताटात टाकला. समोरच्याने हात काढून घ्यायच्या आधी आपण काढलेला बरा, निदान पडायला तरी होत नाही. त्याचा चेहरा उतरला. मला बरंही वाटलं आणि स्वतःची घाणही वाटली.

दुपारी सेनोबियाबाईंनी एक नवा तुंबा आणला. माझ्यासाठी, म्हणाल्या. नवा तुंबा बरा करावा लागतो. आमच्याकडे शब्दच तो, आजारी माणसाला बरं करतात तसा. ओला चोथा ठासून भरायचा, ठेवून द्यायचा, आतला पांढरा मगज मऊ पडला की चमच्याने खरवडायचा, परत भरायचा, परत खरवडायचा. हे मी लहानपणापासून बघितलंय. पण त्यांच्यासारखं खरवडताना कोणाला बघितलं नव्हतं. जीभ दातांत धरून, डोळे अर्धे मिटून. लिबलिबीत मगज चमच्यावर आला तो त्यांनी बोटाने निपटला आणि बोट चाटलं.

म्हणाल्या, नवा तुंबा स्वतःचीच चव सोडत बसतो बघ, म्हणून कडू लागतो. त्याचं त्याचं म्हणून जे काही आत असेल ते काढून टाकायचं, मग आपण घालू ती चव. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, तूही अजून कडूच आहेस पोरी, पण होशील हो बरी. फेर्मिन ताडकन उठला आणि नदीकडे निघून गेला. मला वाटलं, त्यालाही मी कडूच वाटत असणार. मी म्हटलं, हो, होईन.

१९ मे, सोमवार

आता त्यांना आई म्हणायचं. त्यांनीच सांगितलं, तुंबा हातात देताना. मी आत्याकडे वाढले. हा शब्द हाकेत कधी वापरलाच नव्हता. म्हणून बघितला तर तोंड गोड झालं, खरंच गोड, त्या घाणेरड्या नळीची चवसुद्धा क्षणभर गेली.

आईंना माझा नारिंगी झगा आवडत नाही. तसं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, तुला शोभतो असं तुला वाटतं ना, मग घाल की. मी तो चुलीत घातला. नोराचा निरोप आला होता, रविवारी येऊ का भेटायला. आई म्हणाल्या, येऊ दे, पण ती तुझ्यावर हसायलाच येते, हे तुला कळत नाही एवढंच वाईट वाटतं. विचार केला तर खरंच, नोरा खूप हसते. येऊ नकोस असं कळवलं. एकेक सोडलं की आई मनगटावर हात ठेवतात आणि म्हणतात, आता बरी दिसतेस. तेवढ्यासाठी मी काय काय सोडेन, मलाच सांगता येत नाही.

सकाळी दात घासताना थुंकी हिरवी आली. तिच्यात पानांचे तुकडे होते. नळीच्या तळाला जाळी असते, पान वर येतच नाही. मग हे आलं कुठून? खाकरले तर आणखी आले, ओलसर, चावून मऊ केलेले, एक लगदाच. मोरीत पडला तो. मी पायाने ढकलला. जाता जाईना, जाळीला चिकटून बसला.

फेर्मिन शनिवारी म्हणाला, तू सारखी माफी का मागतेस? मी म्हटलं, माफ कर.

२८ मे, बुधवार

आज स्टँडवरच्या चिपावालीने थांबवलं. म्हणाली, मास्तरीणबाई, रोडावलात हो. मी म्हटलं, घरचं बघावं लागतं, देलियाताई काही करत नाहीत. ती म्हणाली, देलियाताई? ताई कुठली, अहो, ती जाऊ तुमची! तुमच्या थोरल्या दिराची, लिसांद्रोची बायको. आली तेव्हा अकॉर्डियन वाजवायची, चामामेचं गाणं लागलं की अंगणात एकटी नाचायची, गल्लीचे कान किटवले होते तिने. लिसांद्रो तिला घेऊन जाणार होता. तो एकटाच निघून गेला, ही राहिली. का राहिली असं मी विचारलं. तिने चिपाच्या टोपलीवर फडकं ओढलं. म्हणाली, कोणी दिलं की नको म्हणता यायचं नाही बिचारीला. आवडून घ्यायची हौस फार होती.

घरी आले तर देलिया दारात उभी होती. वाट काढताना माझं कोपर तिच्या पाठीवर आदळलं.

टक् असा आवाज आला. पोकळ. रिकाम्या डब्यावर वाजावा तसा.

तिला काही लागलंही नाही. वळली आणि तिने जांभई दिली. मी तिच्या तोंडात बघितलं. ओलं काही नव्हतंच. तपकिरी, कोरडं, गुळगुळीत, आत खोल जाणारं, आणि त्यावर चमच्याच्या रेघा. खूप जुन्या.

मी संत्र्याच्या झाडाखाली ओकले. जे पडलं ते हिरवं होतं. मागून आईंचा आवाज आला, राहू दे, निघतंय तेवढं निघू दे. माझी पाठ चोळत होत्या. हात गरम होता. सरकायला हवं होतं, सरकले नाही.

७ जून, शनिवार

फेर्मिनला रोसारियोची जागा मिळाली. येताना पळत आला असावा, धाप लागली होती. म्हणाला, बोचकं बांध, आज संध्याकाळच्या बसने निघायचं. मी विचारलं, मला नेणारच आहेस ना, की सांगायचं म्हणून सांगतोस? तो थांबला. पुन्हा तेच थांबणं. म्हणाला, ओती, तुला असं विचारावंसं तरी कसं वाटतं? मला वाटलं, बघ, उत्तर दिलंच नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. आई कशी आहे ते त्याला माहीत होतं, पण तिचं वय झालंय, आता ती निवळली असेल असं त्याला वाटलं होतं. चुकलं म्हणाला. लिसांद्रोने देलियाला रिंगणातून ओढून काढायला बघितलं तर काय झालं तेही सांगितलं. तिचा दंड तडकला. देलिया तिथेच बसली होती. तिने निमूटपणे बाही वर केली. दंडावर आडवी भेग, राळ भरून बुजवलेली. आई म्हणाल्या, ओढून नेता येत नाही, फुटतं. शब्द तिचा तिनेच म्हणायला हवा. म्हण म्हणावं तिला.

तुंबा माझ्या हातात होता. फेर्मिन माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला. कानाशी म्हणाला, आभार म्हण, ओती. आत्ता म्हण आणि ऊठ. एवढंच कर माझ्यासाठी.

मला पहिला दिवस आठवला. सगळे हसले होते. तुंबा माझ्यासमोरून जात होता. आता माझा नवराच मला रिंगणातून ऊठ म्हणत होता. असं आहे तर. याला मी या घरात नकोय. मला रोसारियोला नेऊन कुठेतरी सोडून देईल, तिथे तर आईही नसतील. आई निदान दर घोटाला बोलतात. हा थांबतो.

मी त्याच्या डोळ्यांत बघत नळी तोंडात घेतली आणि सगळा ओढला. तळाचा गाळसुद्धा. खरखर आवाज येईपर्यंत.

आई म्हणाल्या, शहाणी माझी बाय ती.

तो एकटा गेला. फाटकातून म्हणाला, महिनाअखेरीला ट्रक घेऊन येतो, तोवर काहीही कर पण तो शब्द विसरू नकोस. तो जाईपर्यंत मी पाठ फिरवून बसले होते. म्हटलं, बघू किती वेळ उभा राहतो. बराच वेळ राहिला.

१६ जून

शाळेत जाणं बंद. रजेवरच्या बाई आल्या नाहीत, मुख्याध्यापक म्हणाले होते तुम्हीच राहा कायमच्या. म्हणजे मी हवी होते. पण वर्गात तोंड उघडलं तर सूर नाही. नुसती हवा. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी. पोरं आधी हसली, मग हसायची थांबली. एक रडायला लागलं.

आई म्हणाल्या, गाण्याचं वेड होतं ना आत, तेच निघालं. आता आजारी पडायची नाहीस.

जिभेवर पांढरी साय धरते. आई रोज सकाळी चमच्याने खरवडतात. मांडीवर डोकं घेऊन. दुखत नाही — चमचा कुठपर्यंत जातो ते बघवत नाही. काढलेलं बशीत ठेवतात. लिबलिबीत. माझ्याच अंगातलं, आणि मला त्याची इतकी किळस — बरं झालं काढलं, असं वाटतं. असली घाण होते मी. फेर्मिनने कसं सहन केलं असेल.

मग त्या बोट चाटतात.

कडूपणा कमी झालाय म्हणाल्या. कमी झालाय! दिवसभर खूश होते.

२२ जून, रविवार

दुपारी पाणी आणायला उठले. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं.

देलिया खुर्चीवर, मान मागे टाकून, तोंड उघडं. आईंच्या हातात किटली. त्यांनी पाणी तिच्या तोंडात ओतलं. वाफ आली. थांबल्या थोडं, मुरू दिलं. मग नळी तिच्या घशात घातली आणि —

ओढत होत्या. डोळे मिटून. गालांत खड्डे पडेपर्यंत. शेवटी खरखर आवाज आला. देलियाचे पाय जमिनीपासून जरासे उचलले गेले होते. वजनच नाही तिला.

तोंड पुसून आई म्हणाल्या, आहा.

ओकारी आली, वर काही आलं नाही, आत काही नाहीच. पळायला हवं होतं. फाटक उघडंच होतं, बघितलं मी.

पण लिहायचं तर खरं लिहायचं. किळस आली ती आली, आणि तिच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं. मला रडू फुटलं. का, तर त्यांनी मला कधी असं — माझ्याआधी देलिया. अजूनही देलिया. माझ्यात काय कमी आहे?

शी.

शी, शी. मी काय लिहिलं हे.

२५ जून

आई म्हणतात शनिवारी. झाली म्हणे मी बरी. बोटाने टिचकी मारून बघितलं छातीवर. ऐकलं. खूश झाल्या.

मीही मारून बघितली —

नोरासाठी एक चांगली गोष्ट लिहायची होती. माझ्याबद्दल. बसले लिहायला. कोणाबद्दल लिहायचं होतं ते —

२८ जून

ट्रक. फाटकाशी फेर्मिन आहे. आत येत नाही — फुटेन म्हणून. तिथूनच ओरडतोय. सगळी गल्ली बाहेर आली. हीच माझी बायको, म्हणतोय. हीच! हीच! स्टँडवर उभा राहून ओरडेन म्हणाला होता —

रडतोय. किळस येऊन नाही रडत. तशा रडण्याला असा आवाज नसतो. तो मला घालवत नव्हता. ऊठ म्हणाला ते स्वतःकडे ये म्हणून. थांबायचा तो — माझ्या प्रश्नाने त्याला लागायचं म्हणून थांबायचा —

त्याला मी हवी होते. मी, कडू होते तेव्हाची.

तुंबा हातात आहे. वही गुडघ्यावर. एक शब्द म्हणायचा आणि उठायचं. म्हणते. आता म्हणते.

आई किटली घेऊन उभ्या. विचारतात, आणखी एक?

तो शब्द — लहानसा आहे. पहिल्या दिवशी म्हणाले होते, सगळे हसले होते. नको असलं की म्हणतात. पोरंसुद्धा — चार वर्षांची पोरंसुद्धा —

तोंड उघडलं. जीभ फिरते आत, कोरडी, कुठे लागतच नाही. फेर्मिन सांगतोय, फाटक हलवून हलवून सांगतोय. ऐकू येतं आणि आत काही धरतच नाही, गळून जातं. ओठ दिसतात त्याचे. ओठ बघून लिहिते. लिहिलं की म्हणता येईल. पहिलं अक्षर कळलं —

आ —

आ —

आई, आणखी ए